डोळ्याखाली काप

थोरल्याने आयुष्यात बापाची एकही आज्ञा मोडली नव्हती, आणि घरावर आजवर जी जी संकटं आली त्यातली निम्मी त्यामुळेच आली होती.

कालही तसंच झालं. चष्म्याचं दुकान बंद करून तो घरी येतो न येतो तोच फोन वाजला. पलीकडे दवाखान्यातून तात्या. मोतीबिंदूचं ऑपरेशन पार पडलं होतं, डोळ्यावर पट्टी होती, साखर जरा वरखाली झाली म्हणून डॉक्टरांनी मुक्काम वाढवला होता, आणि जीव सगळा मागच्या बागेत अडकला होता. दुसऱ्या दिवशी दुपारी घरी सोडणार होते आणि संध्याकाळी अख्खं गुलाब मंडळ घरी येणार होतं.

"तिला बघ," तात्या म्हणाले. "डोळ्याखाली काप. नीट काप. हयगय करू नकोस." आणि फोन बंद.

थोरला बागेत गेला. पडद्याआड झाकलेलं झाड त्याने उघडं केलं, लहान करवत आणली आणि डोळ्याखाली कापलं. नीट कापलं. हयगय केली नाही.

ज्यांच्या घरात गुलाबाचं वेड नाही अशा भाग्यवान माणसांना इथे थोडं समजावून सांगायला हवं. चांगला गुलाब स्वतःच्या पायावर नीट उभा राहत नाही, म्हणून तो रानटी गुलाबाच्या खुंटावर बांधतात. खुंटाच्या सालीला चीर द्यायची, तिच्यात चांगल्या गुलाबाच्या फांदीवरचा एक कोंब सालीसकट बसवायचा आणि पट्टी गुंडाळायची. त्या कोंबाला म्हणायचं डोळा, आणि तो बसवण्याला डोळा भरणं. पुढे जिथे तो जुळतो तिथे गाठ येते, तिलाही डोळाच म्हणतात. डोळ्याच्या वर जे वाढतं तो आपला गुलाब. डोळ्याच्या खालून जे फुटतं ते रान. ते वेळच्या वेळी काढलं नाही तर वरच्याला गिळून टाकतं. तात्यांना म्हणायचं होतं की डोळ्याखालून फुटलेलं रान काप. थोरल्याने झाडच डोळ्याखाली कापलं.

सकाळी माई चहाचा कप घेऊन बागेच्या दारात आल्या आणि त्यांना पडद्यामागे काहीच दिसेना. माईंच्या हातून कप पडला नाही. त्यांनी तो आधी पायरीवर नीट ठेवला आणि मग किंचाळल्या.

"अरे, हे काय केलंस?"

"तात्यांनी सांगितलं म्हणून केलं," थोरला दात घासता घासता बाहेर आला. "चांगली सपाट छाटणी झालीय. तेच म्हणतात ना, गुलाब निर्दयपणे कापला की जोमाने फुटतो?"

"आणि ही कसली काडी उभी ठेवलीस बाजूला?"

"ती कोवळी फूट होय? ती मुद्दाम ठेवली. बिचारी नुकती वर येत होती, जीव होईना कापायला."

माई मटकन पायरीवर बसल्या. "अरे माझ्या सोन्या, तेवढीच कापायची होती."

थोरल्याच्या तोंडातला फेस तोंडातच राहिला. तात्यांनी कितीतरी वर्षं खपून, परागकण इकडून तिकडे नेऊन, शेकडो रोपं वाढवून आणि शेकडो उपटून जी एक जात तयार केली होती, ती या जगात एकाच झाडावर होती. उकळत्या चहात दुधाची पहिली धार पडते तेव्हाचा तिचा रंग, आणि वास संत्र्याच्या सालीचा. तिला अजून नाव नव्हतं. घरात तिला नुसतं 'ती' म्हणत, आणि 'ती' म्हटलं की माईंनाही कळे की विषय आपला नाही. आज संध्याकाळी मंडळासमोर तात्या तिचं नाव जाहीर करणार होते. आता जाहीर करायला खुंट उरला होता, आणि त्याच्या शेजारी दिमाखात डोलणारं रान.

"कापलेल्या फांद्या कुठायत?" माईंनी विचारलं. "त्यांच्यावर डोळे असतील. ते तरी वाचतील."

थोरल्याने दाराकडे पाहिलं. कचऱ्याची गाडी कोपऱ्यावर वळत होती. तो ब्रश हातात घेऊन, पायात एकच चप्पल अडकवून तिच्यामागे धावला. गाडीवाल्याने माणुसकीने गाडी थांबवलीसुद्धा, पण त्या गाडीच्या पोटात जे जातं ते चेपून लगदा होतं. थोरला परत आला तेव्हा त्याच्या अंगाला अख्ख्या गल्लीच्या कचऱ्याचा वास येत होता आणि तो रडवेला झाला होता. पन्नाशी उलटलेला माणूस, पण आता बापाला तोंड कसं दाखवायचं या विचाराने तो शाळकरी पोरासारखा माईंच्या पाठीमागे जाऊन उभा राहिला.

* * *

थोरली सून रक्त तपासायच्या लॅबमध्ये काम करत होती आणि संकटात तिचं डोकं शांत राहत असे. तिने आधी नवऱ्याला आंघोळीला पाठवलं आणि मग नणंदेला फोन लावला. एरवी दोघींचं बोलणं 'आहात का' आणि 'आहे' यापुढे जात नसे. पण धाकटी वकील होती, आणि आज घराला वकिलाची गरज होती.

धाकटी आली, खुंट पाहून आली, आणि जेवणाच्या टेबलाशी सगळ्यांना बसवून स्वतः उभी राहिली.

"आता ऐका," ती म्हणाली. "ती नाव घेऊन बाहेर पडेपर्यंत तिची काडीसुद्धा घराबाहेर जाता कामा नये, असा तात्यांचा कायदा आहे. आपण सगळ्यांनी तशी शपथ घेतलीय. पण जिथे बंदी असते तिथे चोरीही असते, हे मला धंद्यामुळे ठाऊक आहे. तेव्हा ज्याने काडी नेली असेल त्याने आत्ता सांगावं. पूर्ण माफी मिळेल."

"माफी देणारी तू कोण?" माई म्हणाल्या.

"माई, तुम्ही साक्षीदार आहात. विचारल्याशिवाय बोलू नका."

थोरला ओल्या केसांनी छताकडे पाहत होता. सुनेने टेबलावरचं पाणी बोटाने पुसलं. या घरात सात पिढ्यांची लाज राखण्याचा भार कायम तिच्याच डोक्यावर येतो, असं तिला वाटलं, आणि तिने खाली मान घालून सांगून टाकलं.

"मी नेली होती. एकच. लॅबमधल्या काचेच्या नळीत लावली. रोज पाणी बदललं. वर चिठ्ठीसुद्धा लावली होती, कुणी फेकू नये म्हणून."

"काय लिहिलं होतंस?"

"रुग्णाचं नाव, गुलाब."

"आणि निकाल?"

"काळी पडली. नुसत्या काडीला मुळंच सुटत नाहीत तिच्या. खुंटावर डोळा भरला तरच जगते."

थोरला बायकोकडे बघतच राहिला. "तू? तू चोरी केलीस? आणि मला बोलली नाहीस?"

"तुम्हाला सांगितलं असतं तर तुम्ही जाऊन तात्यांना सांगितलं असतं."

हे इतकं खरं होतं की थोरल्याला रागावताही येईना.

"ठीक," धाकटी म्हणाली. "एक निकालात निघाली. आणखी कोण?"

"आणि तुमचं काय हो, वकीलसाहेब?" सुनेने मान वर केली. लग्नाला इतकी वर्षं झाली, पण नणंदेकडे असं सरळ बघायची संधी तिला पहिल्यांदाच मिळत होती.

धाकटीने पदर सावरला, तो सावरलेलाच होता. "मी... एकदा. गॅलरीत लावायला. कुणीतरी सांगितलं होतं की काडी बटाट्यात खोचून लावली की जगते."

"मग?"

"बटाटा उगवला."

माईंना हसू आवरेना. पण थोरला हसला नाही. तो बोटांवर मोजत काहीतरी जुळवत होता.

"तुझ्या गॅलरीत बटाटा उगवलेला मी पाहिला होता. म्हणजे तू बाळंतपणानंतर इथे राहिली होतीस तो उन्हाळा ना?" तो म्हणाला. "अगं, पण त्याच उन्हाळ्यात तर तात्यांना झाडावर ताजा काप दिसला होता. आणि आदल्या दिवशी अक्काआत्या येऊन गेली होती."

तो प्रसंग कुणीच विसरलं नव्हतं. अक्काआत्या तात्यांची थोरली बहीण. शिवणाचे क्लास चालवायची आणि गुलाबाचा डोळा तात्यांपेक्षाही सफाईने भरायची. गुलाबाचा नाद तात्यांना लागला तोच मुळी तिच्यामुळे. त्या वर्षी भर मंडळाच्या बैठकीत तात्या उभे राहून म्हणाले होते, "चोराला कुलूप लावता येतं, सख्ख्या बहिणीला काय लावायचं?" अक्काआत्या उठली, पिशवी उचलली आणि चालू लागली. त्या दिवसापासून भावाबहिणींचं बोलणं बंद होतं. ती मंडळात जात राहिली म्हणून तात्यांनी मंडळात जाणं सोडलं होतं.

"म्हणजे आत्याने नेलीच नव्हती," थोरला म्हणाला.

"नाही."

"आणि तू इतकी वर्षं गप्प बसलीस?"

"आरोपीला गप्प बसायचा हक्क असतो, दादा."

"आरोपी ती होती! तू गुन्हेगार होतीस!"

धाकटी खुर्चीत बसली. तिचा वकिली आवाज कुठल्या कुठे गेला होता. "रोज वाटायचं, उद्या सांगू. मग तात्या आणखी चिडायचे, आणि उद्याचं परवा व्हायचं," ती म्हणाली. "मला लाज वाटते. खरंच सांगते."

सुनेने पाण्याचा पेला नणंदेपुढे सरकवला.

"झालं तुमचं सगळ्यांचं?" माई म्हणाल्या. "आता साक्षीदाराने बोललं तर चालेल का?"

"बोला."

"वन्संना मी दिली. काडी. त्या भांडणानंतर. भाजीच्या पिशवीत, कोथिंबिरीच्या जुडीत घालून."

तिघंही एकदम उभी राहिली.

"यांनी चारचौघांत त्यांना चोर म्हटलं. म्हटलं, यांच्या जिभेचं कुणीतरी निस्तरायला हवं. वन्सं काही बोलल्या नाहीत. जुडी घेतली आणि गेल्या."

"मग जगली का ती?" थोरल्याने टेबल घट्ट धरलं होतं. "माई, आत्याला डोळा भरता येतो. जगली का?"

"मी विचारलं नाही."

"इतक्या वर्षांत एकदाही नाही?"

"विचारलं असतं तर मला कळलं असतं. कळलं असतं तर तुझ्या बापाशी खोटं बोलावं लागलं असतं. आजवर मी खोटं बोलले नाही, नुसती गप्प होते." माईंनी कप उचलला. चहा केव्हाच गार झाला होता, तरी त्या तो शांतपणे प्यायल्या.

* * *

अक्काआत्या गच्चीवरच्या खोलीत राहत होती. खाली शिवणाचे क्लास आणि वर कुंड्या, अशी तिची दोन राज्यं होती, आणि दोन्हीकडे तिची कात्री चाले. थोरला आणि सून वर पोचले तेव्हा ती कुंडीत हात घालून बसली होती. तिने वळून पाहिलं आणि हात झटकले.

"कोण मेलं?" तिने विचारलं.

"ती," थोरला म्हणाला.

बाकीचं सुनेने सांगितलं. फोन, करवत, गाडी, सगळं. कोवळी फूट दया येऊन तशीच ठेवल्याचं ऐकलं तेव्हा अक्काआत्या हसायला लागली. ती इतकी हसली की तिला पाण्याच्या टाकीला टेकावं लागलं.

"डोळ्याखाली काप म्हणाला, आणि तू कापलंस! अरे, तुझ्या बापाने विहिरीत उडी मार म्हटलं असतं तर?"

"खोली विचारली असती त्यांनी," सून म्हणाली.

मग आत्याचं हसू ओसरलं. तिने डोळे पुसले आणि थोरल्याकडे नीट पाहिलं. "काहीच उरलं नाही? एकही फांदी नाही?"

"नाही. आत्या, तुझ्याकडे असेल तर दे. माझ्यासाठी नको. तात्यांसाठीही नको म्हण हवं तर. पण ती जगात कुठेच नसेल, हे मला सहन होत नाही. मी काय करू?"

आत्या टाकीमागे गेली. तिथे, भिंतीच्या आडोशाला, कमरेएवढं झाड उभं होतं. त्याच्यावर तोच चहाचा रंग होता, एक फूल पुरतं उमललेलं आणि दोन अर्धवट. थोरल्याने वाकून वास घेतला, आणि तो लहान मुलासारखा ओक्साबोक्शी रडायला लागला. सून त्याच्या पाठीवर हात फिरवत राहिली. या माणसाला फुलासाठी रडताना ती पहिल्यांदाच पाहत होती, आणि तिला तो एकदम आवडला.

"चोरीचा माल आहे हं," आत्या सुनेला म्हणाली. "तेव्हा मी नेली नव्हती. पण तुझ्या सासूने जुडी हातात दिली तेव्हा म्हटलं, शिक्षा तर भोगतेच आहे, मग गुन्हा कशाला शिल्लक ठेवायचा?"

"आत्या," सून चाचरत म्हणाली, "ती पहिली काडी धाकटीने नेली होती. तिनेच आज सांगितलं."

"मला ठाऊक आहे. बैठकीत त्याने फोटो दाखवला, त्यात काप सरळ होता, पोर भाजी चिरते तसा. मी कधी सरळ कापते का? माझा काप कायम तिरका."

"मग तेव्हाच का नाही सांगितलंत?"

आत्याने एक पिवळं पान खुडलं. "भावाने चोर ठरवलं ना, तेव्हा माझं जे जायचं ते गेलं. पोरीचं नाव सांगून ते थोडंच परत येणार होतं? ओल्या बाळंतिणीला बापाच्या शिव्या मिळाल्या असत्या, एवढंच."

मग तिने कुंडीला हात घातला. "एक मात्र सांगते. कुंडी मी माझ्या मांडीवर घेऊन येणार, आणि पुढच्या दाराने येणार. संध्याकाळी मंडळ यायचंय म्हणताय ना? सगळं मंडळ?"

"सगळं."

"मग तर मला आलंच पाहिजे," अक्काआत्या म्हणाली, आणि पुन्हा तिला कशाचं तरी हसू फुटलं.

* * *

तात्या घरी आले ते एका डोळ्यावर पट्टी, दुसऱ्यावर काळा चष्मा आणि मनात संशय घेऊन. धाकटी त्यांना आणायला गेली होती आणि वाटेत तिने तीनदा विचारलं होतं, "तात्या, दमलात का?" घरी सुनेने विचारलं, "उशी देऊ का?" माईंनी न मागता चहा दिला आणि साखरेवरून एक शब्द काढला नाही. घरातला हा गोडवा पाहून तात्यांची खात्रीच पटली की आपलं ऑपरेशन फसलंय आणि हे लोक सांगत नाहीत.

"डॉक्टर काय म्हणाले? खरं सांगा."

"उत्तम झालं म्हणाले."

"मग तुम्ही सगळे असे का वागताय?"

"कसे?"

"चांगले."

तोवर मागे बेत शिजला होता. बेत धाकटीचा. थोरल्याने खुंट उपटला, त्याच जागी कुंडीतलं झाड लावलं आणि पडदा होता तसा सोडला. झाड लहान दिसलं तर छाटणीमुळे म्हणायचं. अक्काआत्याला हा बेत मुळीच पसंत नव्हता, पण माईंनी "वन्सं, निदान त्यांचा डोळा बरा होईपर्यंत" असं म्हटल्यावर ती तोंड फिरवून बागेतल्या खुर्चीवर बसली.

ऊन उतरल्यावर मंडळ आलं. अध्यक्ष बेकरीवाले, हातात कसलासा खोका घेऊन. गणिताच्या बाई. दातांचे डॉक्टर, जे कुठलंही फूल बघायच्या आधी आ करतात. आणखीही बरेच. तात्यांना सगळे धूसर दिसत होते, पण खुर्चीवर पाठ ताठ ठेवून बसलेली आकृती त्यांनी ओळखली. त्यांचं पाऊल अडखळलं.

"अगं," ते माईंना हळूच म्हणाले, "ही इथे कशी?"

"मंडळाला बोलावलंत ना तुम्ही? त्या मंडळात आहेत."

"वहिनी, त्याला सांग," खुर्चीतून आवाज आला, "ऑपरेशन झालंय, वाकू नकोस म्हणावं."

"तिला सांग, माझ्या बागेत मी वाकेन नाहीतर लोळेन."

आणि तात्या वाकले. सगळ्यांच्या देखत त्यांनी पडदा सारला, फुलाकडे न बघता हात खाली नेला, आणि जमिनीलगतच्या गाठीवरून अंगठा फिरवला. एकदा फिरवला. पुन्हा फिरवला. तात्या सरळ झाले.

"हा डोळा माझा नाही," ते म्हणाले. "माझी गाठ जाड येते. इतकी बारीक गाठ एकाच माणसाची असते."

धाकटी पुढे सरसावली, "तात्या, छाटणीमुळे..." पण थोरल्याने तिला हाताने मागे केलं. बापाशी खोटं बोलणं त्याला येत नव्हतं आणि आता शिकायचंही नव्हतं.

"तुमची मी कापली, तात्या. मुळापासून. तुम्ही फोनवर म्हणालात, डोळ्याखाली काप."

"डोळ्याखालचं काप म्हणालो होतो!"

"चं नव्हतं, तात्या."

"होतं!"

"मी कानाने ऐकलं. डोळ्याखाली काप. चं असतं तर मी कापलं असतं का?"

"मी फोनच्या वेळी दवाखान्यात शेजारीच होते," धाकटी खाली बघत म्हणाली. "तात्यांच्या तोंडात बिस्किट होतं. चं बिस्किटाबरोबर पोटात गेलं असावं."

मंडळातल्या कुणालातरी हसू फुटलं, पण तात्यांचा चेहरा पाहून ते खोकल्यात गेलं. तात्या आता पार थकलेले दिसत होते. त्यांनी थोरल्याच्या खांद्यावर हात ठेवला. मारायला नाही, आधाराला. "म्हणजे माझी गेली," ते म्हणाले. "आणि ही तिच्याकडची. म्हणजे तिने नेली होती. मी म्हणालो ते खरंच होतं."

"नाही तात्या," धाकटी म्हणाली. तिच्या डोळ्यांत पाणी उभं राहिलं होतं. "तुम्ही जो काप पाहिलात तो माझा होता. आत्याला नंतर माईंनी दिली, तुम्ही तिला चोर म्हटल्यावर. तुम्ही भर मंडळात बोलला होतात, म्हणून भर मंडळात सांगते. आत्या निर्दोष आहे."

तात्यांनी खुर्चीकडे पाहिलं. गणिताच्या बाई नुसतीच पायाखालची माती बघत होत्या.

अध्यक्षांना शांतता सोसत नसे. बेकरीत बारा महिने भट्टीचा आवाज असतो. ते पुढे झाले, फुलावर वाकले, आणि त्यांच्या चेहऱ्यावर ओळखीचा आनंद पसरला.

"अहो तात्या, पण एवढं वाईट कशाला वाटून घेता? हा तर बाळ्या!"

तात्या दचकले. माईंनी तोंडाला पदर लावला.

"कोण?"

"बाळ्या हो! आमच्या बेकरीच्या दारात आहे. दोन झाडं आहेत. अक्कांनी दिला, घरचा आहे म्हणाल्या."

"माझ्या गच्चीवर आहे," गणिताच्या बाई म्हणाल्या. "बाळ्या जरा काटेरीच, पण मनाने चांगला. उन्हात ठेवला की खूश."

"आमच्या बाळ्याला मध्यंतरी मावा झाला होता," दातांचे डॉक्टर म्हणाले. "साबणाच्या पाण्याने धुतला, तेव्हा शुद्धीवर आला. फार हट्टी. पण वास घ्यावा तर बाळ्याचाच."

"खत जास्त झालं की फुगतो नुसता," आणखी कुणी म्हणालं. "फुलत नाही."

"छाटला की आधी रुसतो," मागून आवाज आला, "आणि मग बघत राहावा."

तात्या मधोमध उभे होते आणि चहूबाजूंनी बाळ्याचे गुणदोष त्यांच्या कानांवर पडत होते. त्यांना बाळ्या म्हणणारं या जगात एकच माणूस होतं, आणि हे मंडळातल्या कुणालाही माहीत नव्हतं. शाळेत नेताना बोट धरून, पडल्यावर गुडघा धुताना, पहिल्यांदा हातात चाकू देऊन सालीला चीर कशी द्यायची ते दाखवताना, त्याच एका माणसाने त्यांना त्या नावाने हाक मारली होती.

ते हळूहळू चालत खुर्चीपाशी गेले.

"गावभर वाटलास?" ते म्हणाले. आवाज चढवायचा होता, पण तो चढला नाही. "माझा गुलाब?"

"मागेल त्याला दिला," अक्का म्हणाली. "तुझा होता तेव्हा एकच होता. एका करवतीत गेला असता."

थोरल्याने मान खाली घातली, पण त्याच्या छातीवरचं ओझं उतरलं होतं. ती वीसेक घरांच्या दारांत उभी होती. आता तिला कुणाची करवत मारू शकत नव्हती.

"मी चुकलो," तात्या म्हणाले. आजवर हा शब्द त्यांच्या तोंडून या घरात कुणी ऐकला नव्हता, त्यामुळे माईंनी शेजारी उभ्या सुनेचा हात धरला. "तेव्हा मी बोललो ते फार वाईट बोललो, अक्का. पण नाव हेच का ठेवलंस? जगात दुसरी नावं नव्हती?"

अक्काने मांडीवरची माती झटकली. तिने भावाकडे न बघता सांगितलं.

"तू बोलायचा बंद झालास. मग रोज सकाळी उठून मी हाक कुणाला मारायची होती?"

ऑपरेशनच्या डोळ्यात पाणी जाऊ द्यायचं नाही, असं डॉक्टरांनी बजावून सांगितलं होतं. आत जाऊ द्यायचं नाही म्हणाले होते, बाहेर येण्याबद्दल काही बोलले नव्हते. तात्यांनी काळा चष्मा काढला, पट्टीच्या कडेने वाहणारं पाणी मनगटाने पुसलं आणि मंडळाकडे तोंड केलं.

"अध्यक्ष, नाव तेच राहू द्या."

टाळ्या वाजल्या. बेकरीवाल्यांनी खोका उघडला, दातांच्या डॉक्टरांनी आ केला. त्या गलक्यात तात्या बहिणीच्या खुर्चीशेजारी जमिनीवर बसले, वाकायचं नाही, बसायचं नाही, हे सगळं विसरून.

"मार आता," ते हळूच म्हणाले.

"काय?"

"हाक."

अक्काने आजूबाजूला पाहिलं. कुणी ऐकत नव्हतं, निदान तिला तसं वाटलं.

"बाळ्या," ती म्हणाली.

आणि तात्यांनी ओ दिली.